सात रियालचा पंखा

सिग्नलला थांबलो की काटा चढायचा,
गाडी धावू लागली की मुकाट खाली.
म्हणजे पाणी शाबूत, पंप शाबूत,
पंखा मेलेला.
हॉर्नचा रिले काढून पंख्याच्या जागी खोचून पाहिला,
पंखा ढिम्म.
रिले परत लावायचा राहून गेला,
दोन दिवस गाडी मुकीच फिरली.

सनाइयातल्या भंगारवाल्याने नऊ सांगितले, सातला दिला.
म्हणाला, ज्या गाडीचा हा, ती मागून ठोकलेली,
पुढचं सगळं तंदुरुस्त.
मी पातं बोटाने फिरवलं.
थांबतानाही कुरकुरलं नाही.

फलज अल कबाइलमध्ये जुलैत
लोखंड मगरिबनंतरही तासभर राग धरून असतं.
म्हणून इशा झाल्यावर,
इमारतीच्या मागे, एसींचं पाणी ठिबकतं तिथे
गोणपाट अंथरलं.
मैमूनाने टॉर्च धरला.
ती नेहमी माझ्या तोंडावर धरते.
'हातावर धर गं.'
'हात काळे झालेत. तोंड त्यातल्या त्यात बरं आहे.'

बॅटरीची वायर सोडवली.
मग दहाच्या पान्याचे चार बोल्ट.
तीन सुटले.
चौथा अकरा उन्हाळे खाऊन बसलेला.
तेल मारलं, वाट पाहिली,
एक शिवी दिली, तीही बायकोदेखत.
सुटला, आणि सुटल्यासुटल्या पडला
जिथे फक्त बोल्टच पडू शकतात अशा जागी.
मैमूनाची बोटं बारीक.
बाणकोटला खडकातून कालवं काढायची
तसा तिने तो काढला.

'विकायचीच आहे ना गुरुवारी?'
बोल्ट माझ्या तळहातावर ठेवत ती म्हणाली.
'मग?'

उस्ताद मुतवक्किल गाडी बघायला आले होते,
सुदानचे, शाळेत गणित शिकवतात.
बॉनेट उघडा म्हणाले नाहीत.
रेडिओ लावून पाहिला,
मागच्या सीटवर हात फिरवला,
तिघं मावतील, म्हणाले.
दुपारी दीडला शाळा सुटते.
शाळेपासून घरापर्यंत पाच सिग्नल.
हे मी मैमूनाला सांगितलं नाही.
'पाना दे,' म्हटलं.

जुना पंखा वर आला
वाळूने जड झालेला, एक वाळका नाकतोडा घेऊन,
आणि लाल-हिरव्या फितीचा तुकडा,
कुठल्याशा राष्ट्रीय दिनी
लेकीने पुढच्या जाळीला बांधलेली.
ती आता पुण्यात शिकते.
फीत मैमूनाने उचलली. कुठे ठेवली, पाहिलं नाही.

जोडाची क्लिप पापडासारखी मोडली.
दोन वायरी, उन्हाने दोन्ही सारख्याच तपकिरी.
अंदाजाने जोडल्या, टेप गुंडाळली,
गाडी चालू केली, एसी लावला.
पंखा फिरला!
मी आनंदात. मैमूना गाडीपुढे उभी.
'मला वारा का लागतोय?'

लागायला नको होता.
पुढून ओढायचा, मागे इंजिनावर फेकायचा,
ते याचं काम.
हा उलटा फिरत होता, मन लावून.
'एखादा कागद आण बरं.'
फ्रिजवर जो सगळ्यात वर होता तो तिने आणला.
कंपनीचं पत्र. एकतीस ऑगस्ट, शिक्का, सही.
जाळीपुढे धरला तसा उडाला,
मी गोणपाट तुडवत मागे धावलो,
कचऱ्याच्या पेटीपाशी सापडला.

इंजिन बंद. वायरींची अदलाबदल.
पुन्हा टेप, पुन्हा चावी.
या वेळी कागद तिच्या हातातून निसटून
थाप मारल्यासारखा जाळीवर बसला,
उलटा, डोकं खाली.
टॉर्चच्या उजेडात 'आपल्या सेवेबद्दल' एवढं वाचता आलं,
तेही मान वाकडी करून.

वीस मिनिटं गाडी तशीच चालू ठेवली.
एसी बंद केला, पाणी तापू दिलं.
काटा निम्म्याच्या खाली.
पंखा लागायचा, थांबायचा, लागायचा.
आम्ही गोणपाटावर बसून मोजत होतो,
ती आकडे चुकवत होती, मी बोलत नव्हतो.

मग रिले आठवला. जागच्या जागी लावला,
आणि वाजतो का पाहायला
रात्री साडेअकराला हॉर्न दिला.
तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली.
पठाणाने पश्तूत काय म्हटलं ते कळलं नाही,
पण कळलं.